रिकामा फ्लॅश

हल्ली कुणीही उठतो आणि डिजिटल एसएलआर घेऊन येतो. गेल्या दोन वर्षांत आमच्या कसबा बावड्यातल्या निदान पंधरा जणांनी नवा कोरा कॅमेरा खोक्यासकट माझ्या टेबलावर आणून ठेवलाय आणि विचारलंय, "भूषणदा, सुरुवातीला सेटिंग काय ठेवू?" खोक्यात दोनशे पानांचं पुस्तक असतं, त्याचं प्लास्टिकसुद्धा कुणी फाडलेलं नसतं. मी आधी खेकसतो, पुस्तक वाचायला काय धाड भरलीय म्हणतो, आणि मग लावून देतो. तारीख-वेळ घालतो. फोटोचा आकार सगळ्यात मोठा ठेवतो. दर वेळी टीं-टीं करणारा आवाज बंद करतो, कारण त्यानं झोपलेली बाळं उठतात.

पण या सगळ्याच्या आधी एक सेटिंग शोधतो आणि लॉक करतो. आत कार्ड नसेल तर शटर पडू नये, हे ते सेटिंग. कंपनीतून कॅमेरा येतो तेव्हा ते उघडं असतं. दुकानदाराला कार्ड न घालता गिऱ्हाइकाला कॅमेरा दाखवता यावा म्हणून तशी सोय. हेच आधी कशाला, असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, लॉक म्हटलं की लॉक, चर्चा नको. खरं कारण आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझं नाव बुद्धभूषण. आमचा 'शालन फोटो स्टुडिओ' माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, शहात्तर साली बावड्याच्या मुख्य रस्त्याला काढला. शालन हे माझ्या आईचं नाव. आजोबा जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबले. आबा मात्र मॅट्रिक झाले, कोल्हापुरात एका स्टुडिओत डार्करूम पुसायच्या कामाला लागले आणि पुसता पुसता सगळं शिकले. आजोबा कसे दिसत होते हे मला माहीत नाही. आमच्या गल्लीत कुणालाच आपला आजा, पणजा कसा दिसत होता हे माहीत नाही. त्यांचा फोटो काढायला कोण बसलं होतं? भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्याखाली एकदम कोरा चुना. आबांना ते सलायचं. म्हणून स्टुडिओ चालायला लागल्यावर त्यांनी गल्लीतल्या एकूण एक म्हाताऱ्या माणसाला पडद्यासमोर बसवलं. कोण यायला तयार नसेल तर घरी जाऊन, खाटेवर उठवून, डोक्याला तेल लावून फोटो काढला. आज आमच्या गल्लीत असं घर नाही जिथं आबांनी काढलेला फोटो भिंतीला नाही.

फक्त आबांचाच फोटो कुठल्या भिंतीला नव्हता. फोटो काढणारा फोटोत यायचा कसा? मी कधी म्हटलं तर म्हणायचे, "माझं काय पळून चाललंय व्हय?"

त्र्याण्णव साली मी त्यांच्या हाताखाली लग्नाच्या ऑर्डरीला जायला लागलो, आणि पहिल्याच आठवड्यात रिकामा फ्लॅश शिकलो. हे आमच्या धंद्यातलं गुपित आहे. लग्नात छत्तीस फोटोंचा रोल असतो आणि फोटो मागणारे साडेतीनशे पाहुणे. "ओ पावणं, आमचा बी एक," म्हणत जो तो स्टेजवर चढतो. ज्याची ऑर्डर त्यानं बजावून ठेवलेलं असतं, फोटो मोजकेच काढा. पाहुण्याला नाही म्हटलं तर तो रुसतो. मग दुसरा कॅमेरा घ्यायचा, ज्यात रोलच नाही, आणि त्याला फ्लॅश लावून मारायचा. लखकन उजेड पडतो, पाहुणा खूश होऊन जेवायला जातो. अल्बममध्ये आपला फोटो नाही हे त्याला वर्षभरानं कळतं, तोवर त्याचा राग निवळलेला असतो. सगळेच फोटोग्राफर हे करायचे. मला तर त्यात फार मजा यायची.

पण आबांचा एक नियम होता. "म्हाताऱ्या माणसावर रिकामा मारायचा न्हाय. रोल संपला म्हणून सांग, पण रिकामा मारू नगंस." त्याला कारण होतं. शाहूवाडीकडं एका लग्नात बायडाबाई नावाच्या म्हातारीनं "लेकरा, माझा बी काढ की" म्हणून आबांचा हात धरला होता. गर्दी होती, आबांनी रिकामा मारला. सहा महिन्यांनी तिचा मुलगा, पिराजी, दोन एस्ट्या बदलून स्टुडिओत आला. आई गेली होती. मरताना सांगून गेली होती की बावड्याच्या फोटोवाल्याकडं माझा फोटो आहे, तेवढा आणा. आबांनी त्याला रोल खराब झाला असं सांगितलं. तो बिचारा "असू दे, नशीब आमचं" म्हणून चहा पिऊन गेला. आबा दोन दिवस जेवले नाहीत, असं आई सांगते. ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली होती की बायडाबाई म्हटलं की मी पुढचं तोंडपाठ म्हणायचो.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत मी डिजिटल एसएलआर घेतला. तोवर आबांनी काम सोडलं होतं. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढलेला, डाव्यातला राहिलेला. पण कॅमेरा घरात आला आणि माणूस पुन्हा पंचविशीत गेला. मी मेनूत शिरून गोंधळायचो, चिडायचो, आणि आबा शेजारी बसून पुस्तक वाचायचे. एका हातात भिंग, मांडीवर इंग्रजी-मराठी शब्दकोश.

"व्हाइट बॅलन्स म्हंजे काय रं?"

"ट्यूबच्या उजेडात फोटो हिरवट येत नव्हता का? ते आता इथंच सुधारायचं."

"म्हंजे पांढरं कशाला म्हणायचं ते आपुन कॅमेऱ्याला सांगायचं." आबा खूश झाले. "आमच्या टायमाला असतं तर किती कागद वाचला असता."

आठ दिवस आम्ही बापलेक ते पुस्तक घेऊन बसलो. रोलच्या सवयीनं मी आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, चारशेवर ठेवा म्हणायचो, आबा म्हणायचे घरात चारशे, बाहेर दोनशे. आमच्यात इतकं बोलणं गेल्या दहा वर्षांत झालं नव्हतं. मग एका दुपारी आबांनी एका पानावर पेन्सिलीनं खूण केली.

"ह्ये बघ. कार्ड घातलं न्हाय तरी फोटो निघतोय म्हणं. पडद्यावर दिसतोय पण. कोपऱ्यात डेमो असं लिहून येतंय, आणि साठत काय न्हाय. ह्ये आधी लॉक कर."

"राहू दे की आबा. लग्नात कामाला येतंय."

"आता रोल जळतोय व्हय तुझा?"

"कार्ड एकच हाय. भरलं तर पाहुण्यांना काय सांगू? उलट हे बरं. आधी त्यास्नी नुसता उजेड दिसायचा, आता फोटो सुद्धा दिसंल."

मला वाटलं मी फार हुशारीचं बोललो. आबांनी भिंग खाली ठेवलं, पुस्तक मिटलं. "धंदा तुझा हाय," एवढंच म्हणाले. मी ते सेटिंग उघडंच ठेवलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी, मी स्टुडिओत होतो. आदल्या दिवशीच्या बारशाचे फोटो कॉम्प्युटरवर उतरत होते. कॉम्प्युटर जुना, एक फोटो उतरायला त्याचा जीव जायचा. कार्ड त्यातच अडकलेलं. एवढ्यात आबा आले. दाढी केलेली, केस पाणी लावून मागं बसवलेले, आणि अंगात तपकिरी कोट. तो कोट त्यांनी सोनमच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, लग्नात शिवला होता आणि त्यानंतर एकदाही घातला नव्हता; त्या लग्नातही ते कॅमेऱ्यामागंच राहिले होते. ते निळ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसले.

"भूषण, येक माझा काढ. तुझं सेटिंग बी तपासून हुईल."

आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस स्वतःहून फोटोला बसला होता. मी काय करायला पाहिजे होतं? थांबा म्हणायला पाहिजे होतं. कॉम्प्युटरचं काम मोडायचं, कार्ड काढायचं, कॅमेऱ्यात घालायचं. पण मोडलं असतं तर सगळं पहिल्यापासून उतरवावं लागलं असतं आणि बारशावाला अकराला येणार होता. मला वाटलं, आत्ता यांना खूश करू, खरा नंतर काढू. हात आपोआप उठला. चौदा वर्षांची सवय होती त्या हाताला.

फ्लॅश पडला. मी कॅमेऱ्याच्या पाठीवरचा छोटा पडदा त्यांच्यासमोर धरला.

फोटो फार चांगला आला होता. ते माझे वडील म्हणून मी हे म्हणत नाही. आबा गिऱ्हाइकांना सांगायचे तसेच बसले होते, खांदे सैल, हनुवटी जरा खाली, श्वास धरलेला. डावा डोळा किंचित बारीक झालेला. आपल्याला कुणीतरी बघतंय याची थोडी लाज आणि थोडा आनंद, दोन्ही चेहऱ्यावर होतं. आबा वाकून बघत राहिले, पडदा काळा होईपर्यंत.

"गेला की."

"वीस सेकंदांनी बंद होतंय. बॅटरी वाचती."

"वाढीव जरा. नीट बघू दे."

मी मेनूत जाऊन एक मिनिट केलं. "परत दाखव," ते म्हणाले. साठलेलाच नव्हता, दाखवणार काय? "परत एक काढू, अजून चांगला येईल," मी म्हटलं. "काढ," म्हणाले आणि सरळ बसले. मग ट्यूबच्या उजेडाचं सेटिंग लावून एक, फ्लॅशचं लावून एक, असे मी त्यांच्यावर सहा मारले. दर वेळी ते एक मिनिट पडद्याकडं बघायचे. मला वाटलं म्हाताऱ्याला नव्या यंत्राचं अप्रूप वाटतंय.

"झाला?"

"झाला. प्रिंट काढून आणतो."

दुसऱ्या दिवसापासून आबांनी नवंच सुरू केलं. रोज सकाळी दाढी, रोज कोट, आणि दहाच्या आत स्टुडिओत. पडद्यासमोरच्या स्टुलावर बसून पेपर वाचायचे. मार्च संपला, एप्रिल लागला, पत्रे तापायला लागले, तरी कोट अंगावरच. मी वैतागायचो. "आबा, भट्टीत बसल्यागत झालंय, कोट कशाला घालताय?" ते म्हणायचे, "असू दे." पासपोर्ट फोटोला कुणी आलं की मी म्हणायचो, "आबा, उठा जरा तिथनं." ते उठायचे, भिंतीला टेकून उभे राहायचे, गिऱ्हाईक गेलं की पुन्हा येऊन बसायचे. गळ्याशी घामाची ओळ दिसायची.

तीन वेळा त्यांनी विचारलं, "प्रिंट आली का रं?" पहिल्यांदा मी सांगितलं, विसरलो. दुसऱ्यांदा सांगितलं, लॅबवाल्याचं मशीन बंद आहे. तिसऱ्यांदा सांगितलं, येईल की, घाई काय आहे. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

मला वेळ नव्हता असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. लग्नसराई होती, त्यात चौदा एप्रिलची मिरवणूक. पण ते खोटं आहे. दोन मिनिटांचं काम होतं आणि माणूस रोज समोर बसलेला होता. पुन्हा काढायचा म्हणजे आधीचे सहा खोटे होते हे कबूल करावं लागलं असतं. त्यांनी लॉक कर म्हटलं होतं आणि मी शहाणपण शिकवलं होतं. बापापुढं वाकायचं माझ्या जिवावर आलं, एवढंच त्याचं खरं कारण.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आबा दोन दिवसांसाठी पेठ वडगावला सोनमकडं गेले. जाताना कोट स्टुडिओतल्या खिळ्याला अडकवला. "ऱ्हाऊ दे हितंच. परवा येतोयच की," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांच्या छातीत कळ आली. सोनमच्या मालकांनी गाडी काढली, पण दवाखाना यायच्या आत सगळं संपलं होतं.

मातीहून आल्यावर सोनम माझ्याजवळ येऊन बसली. रडून तिचा आवाज बसला होता. "दादा, फोटो मोठा करून आण. पुण्यानुमोदनाला लावायला. आबा सांगत होते, भूषणनं नव्या कॅमेऱ्यात माझा झ्याक फोटो काढलाय, निळ्या पडद्याचा. माझ्या सासूला सुद्धा सांगितलं त्यांनी."

मी आणतो म्हटलं. काही नाही हे माहीत असताना स्टुडिओत जाऊन कार्ड कॉम्प्युटरला लावलं. कार्डावर आणि कॉम्प्युटरात मिळून बारशाचे फोटो होते, मिरवणुकीचे होते, चार लग्नं होती. पुन्हा काढून पुन्हा लावलं. मग घरी गेलो, आबांच्या पाकिटातलं मतदार ओळखपत्र घेतलं आणि त्यावरचा नखाएवढा फोटो मोठा करून आणला. मोठा केल्यावर चेहरा कसला, नुसते ठिपके. कपाळ काळं, तोंड अर्धवट उघडं, डोळे दचकलेले. सोनमला सांगितलं की कार्ड खराब झालं. आबांनी पिराजीला सांगितलं होतं तेच मी माझ्या बहिणीला सांगितलं, फक्त रोलच्या जागी कार्ड घातलं.

पुण्यानुमोदनाला सगळी गल्ली आली होती. त्रिसरण झालं, पंचशील झालं, माणसं एकेक करून बोलायला उठली. शेजारच्या आजी काठी टेकत पुढं आल्या. "आमच्या मालकाचं तोंड मी रोज बघती, ते आबामुळं. खाटंवर उठवून फोटू काढला त्यानं." मग त्यांनी फुलं घातलेल्या फोटोकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "आनि त्येचा सोताचा आसला व्हय रं, भूषण?" मी खाली मान घालून बसलो. त्या क्षणी मला कुणी चपलेनं मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओ उघडला. मागोमाग आई आली. झाडू घेऊन ती कोपरे काढायला लागली, कोट होता तो खिळा सोडून. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"आई, कार्ड खराब झालं नव्हतं. कार्ड आत नव्हतंच. मी आबांवर रिकामा मारला."

"मला ठावं हाय," आई म्हणाली. झाडू थांबला नाही.

"तुला कुणी सांगितलं?"

"त्येंनीच. त्याच दिवशी, जेवताना. म्हणालं, पोरानं माझ्यावर रिकामा मारला. काचंवर डेमो लिवलेलं हुतं म्हणं. त्येंनीच वाचून दावलं हुतं न्हवं तुला पुस्तकात?"

मी स्टुलावर बसलो. मग कुठं बसलोय ते लक्षात आलं आणि उठलो.

"मग मला का बोलले नाहीत? चार शिव्या घालायच्या."

"मी बी तेच म्हणलं. तर म्हणालं, शालन, सांगून काढलेला फोटो मला नगं. त्येला आपलं आपुन कळू दे. कळलं की कॅमेरा घिऊन यील, तवा मी तयार असावं." आई थांबली, पदरानं नाक पुसलं. "म्हणून रोज कोट घालत हुतं. न्हाय तर उन्हाळ्यात काय हौस हुती व्हय त्येंना?"

दीड महिना. दीड महिना माझा बाप दाढी करून, कोट घालून, माझ्यासमोर पडद्याला पाठ लावून बसत होता आणि मी त्याला ऊठ म्हणत होतो. त्यांनी सोनमला, तिच्या सासूला, सगळ्यांना सांगितलं की पोरानं झ्याक फोटो काढलाय. माझी अब्रू झाकली. आणि मी पडद्यावर एक मिनिट दिसून गेलेला तो चेहरा आठवायला बघतो तर दर वेळी तो आधी मतदार ओळखपत्रावरचा होतो, मग ठिपके होतात. मी खूप रडलो. आईनं मला रडू दिलं, गप हो म्हटलं नाही.

मग तिनं झाडू ठेवला. स्टूल पदरानं पुसलं आणि त्यावर बसली.

"माझा काढून ठेव येक."

मी कपाटातून कॅमेरा घेतला. आधी मेनू उघडला, पुस्तकातलं आबांनी खूण केलेलं पान काढलं आणि ते सेटिंग लॉक केलं. मग ट्यूबचं व्हाइट बॅलन्स लावलं, चारशे केलं. कॅमेरा डोळ्याला लावला तर आई माझ्याकडं बघतच नव्हती, कॅमेऱ्याच्या बाजूच्या झाकणाकडं बघत होती.

"आत कार्ड हाय न्हवं?" तिनं विचारलं.

मी झाकण उघडून तिच्यापुढं धरलं. तिनं वाकून नीट बघितलं, बोट लावून बघितलं, आणि मगच डोक्यावरचा पदर सारखा केला.